धुरातलं काळं

सांगलीतली खोली आम्हाला मिळाली ती माझ्या नवऱ्याच्या खिशातल्या रुमालामुळं.

माझी एका मुलींच्या शाळेत नेमणूक झाली होती, नवऱ्याला कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, आणि आम्ही जागा शोधत हिंडत होतो. कुणीतरी पत्ता दिला म्हणून गेलो, तर घरमालक अंगणाच्या पार टोकाला एका पत्र्याच्या शेडपुढं उभे. अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तिन्हींवर काळे ठिपके. त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "रुमाल हाय का? पांढरा?"

नवऱ्यानं मुकाट्यानं काढून दिला. मालकांनी तो एका नळीच्या तोंडाशी धरला. नळीतून काही येतंय असं दिसतसुद्धा नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी रुमाल उलगडून आमच्यापुढं धरला. मधोमध तपकिरी, चिकट डाग पडला होता.

"काल भाकरीएवढा हुता," ते समाधानानं म्हणाले. "आज पुरीएवढा हाय." मग घराकडं तोंड करून त्यांनी हाक दिली, "अगं, ह्यास्नी खोली दे. मानूस रुमाल बाळगतोय."

तो रुमाल काही परत मिळाला नाही. नंतरचेही मिळाले नाहीत. मालक ते व्हरांड्यातल्या दोरीवर ओळीनं अडकवून ठेवत आणि सकाळी चहा पिता पिता पुढून मागं, मागून पुढं बघत जात. नवीन माणसाला वाटे, या घरात धुणं फार वाईट निघतं. काकू, म्हणजे मालकांच्या पत्नी, आल्यागेल्याला आधीच सांगून टाकायच्या, "ते मी धुतलेलं न्हाई हो. ते ह्यांचं संशोधन हाय."

त्या शेडमध्ये एक जीप होती, लष्करानं मोडीत काढलेली. तिच्या मागच्या बाजूला माणसाच्या उंचीचा एक लोखंडी ड्रम बसवलेला, आणि ड्रमापासून इंजिनापर्यंत नळ्यांचं जाळं. मालक एका तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये शिकवून निवृत्त झाले होते. सत्तरच्या दशकातली तेलाच्या टंचाईची वर्षं. पेट्रोलचे भाव भडकले होते, रॉकेलला रांगा लागत होत्या, शेतकरी डिझेलसाठी कॅन घेऊन ताटकळत होते. सगळं गाव कावलेलं असताना मालकांना मात्र त्या टंचाईनं तरतरी आली होती. त्यांना लाकडावर जीप चालवायची होती.

"लाकूड पुरतं जळू द्यायचं न्हाई," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. "आर्ध्या जेवनातनं उठवायचं त्याला. हवा बेतानं दिली, म्हंजी जाळ व्हायच्या ऐवजी गॅस हुतोय. त्यो इंजनात घालायचा. झालं."

"मग अडचण काय आहे, काका?"

"डांबर," ते म्हणाले. घरातल्या जुन्या दुखण्याविषयी बोलावं तसा त्यांचा आवाज खाली आला.

लाकडाच्या गॅसाबरोबर डांबराची वाफही निघते. ती इंजिनात शिरली की व्हॉल्व्ह चिकटतात आणि इंजिन धरून बसतं. "पाव्हण्यासारखं हाय, बाई. गरम हाय तवर चालत ऱ्हातंय. गार झालं की मुक्काम ठोकतंय." म्हणून मालकांची जीप आज झकास चालायची आणि उद्या सकाळी तिचं इंजिन सुरू करायचं हँडल फिरायचं नाही. गल्लीत म्हणत, मास्तरांची जीप जाते गॅसवर आणि येते बैलांवर.

हे डांबर गाळायला मालकांनी काय काय वापरलं याची आठवण काकूंना जास्त चांगली होती, कारण बहुतेक वस्तू त्यांच्याच होत्या. नारळाच्या काथ्या, लाकडाचा भुसा, घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळ्या यांच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण गादीतला कापूस गेला. आंब्याचा रस गाळायची चाळण गेली. एकदा माहेरचं इरकली लुगडं गेलं, तेव्हा काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मालक समजूत काढायला गेले आणि म्हणाले, "लुगडं लय चांगलं हुतं गं. कुटल्याबी चाळणीनं धरलं नव्हतं एवढं धरलं त्यानं." त्यावर काकू आणखी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मध्यंतरी त्यांनी गॅस पाण्यातून धुऊन काढायचा घाट घातला. गॅस बराच निवळला, पण पाण्याचा काळा रस्सा झाला. तो कुठं टाकायचा? मालकांनी कुंपणापाशी ओतला. शेजाऱ्यांचा कढीलिंब महिन्याभरात वाळला. शेजारी भांडायला आले. मालकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, झाडाची एक फांदी मोडून बघितली आणि म्हणाले, "कडक वाळलंय. इकताय का मला?"

लाकडांचे स्वभाव त्यांना पाठ होते. बाभळ सरळमार्गी. आंबा रडका. चिंच वरून शांत, पण पोटात ठेवून वागणारी. माणसांनाही ते हेच माप लावत. माझ्या मुख्याध्यापिका एकदा घरी चहाला येऊन गेल्या. त्या फाटकाबाहेर पडल्याबरोबर मालक म्हणाले, "चिंच हाय. जपून ऱ्हावा."

"आणि तुम्ही कोण, काका?"

"मी ओलं लाकूड. धूरच लय."

शेडला दार नव्हतं. काकूंनी ते कधीच उतरवून ठेवलं होतं, कारण हा गॅस कोंडला तर माणसाचा जीव घेतो हे त्यांच्या कानावर आलं होतं. "कोंडून घेऊन मराल तिकडं, आन् डांबर निघालं का न्हाई ते सांगायलाबी उरायचं न्हाई," असं त्या म्हणत. रोज तिन्हीसांजेला मालक ड्रमचा तळ उघडत आणि आतला कोळसा, राख, सगळं झाडून-पुसून बाहेर काढत. तेवढी स्वच्छता काकूंच्या स्वयंपाकघरातही नव्हती. काळ्या रंगाशी त्यांचं वैरच होतं. पांढरे कपडे का घालता असं विचारलं तर म्हणत, "काम बरोबर झालं तर कापडं काळी व्हायचं कारन न्हाई." काम अजून बरोबर होत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता कुणीही म्हणेल की एवढा खटाटोप कशाला, लाकडाऐवजी सरळ कोळसा घालावा. कोळशात डांबर नसतं, ते कोळसा पाडतानाच धुरावाटे निघून गेलेलं असतं. हे मालकांना सगळ्यात आधी ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोळशाच्या गॅसवर मोटारी धावत, आणि ऐन तरुणपणी त्यांनी साताऱ्याकडं तसल्या एका मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं होतं. पण कोळशाचं नाव काढलं की ते उखडत.

"आर्धं झाड रानात धूर करून हवेत सोडायचं, आन् ऱ्हायलेल्यावर मोटार चालवायची. ह्यात काय आक्कल हाय? आन् डांबर काढलं कुनी? कोळसा पाडनाऱ्यानं. मी काय केलं मग? दुसऱ्याच्या पाटीवरचं गनित उतरवून घेतलं."

हे बोलणं ऐकून घेणारं, आणि त्यावर उलट विचारणारं, घरात एकच माणूस होतं. त्यांची मुलगी शालन. ती कॉलेज संपवून घरी होती, स्थळं बघणं चालू होतं, आणि बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं पोहे घेऊन जाताना तिच्या नखांत हमखास काळं असायचं. दोनचार स्थळं त्यावरूनच फिरली. शेवटी वाईचं एक स्थळ जुळलं. मुलगा शिक्षक, आणि त्याचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सुभेदारांनी नखं बघितली आणि विचारलं, "इंजिनाचं काम येतं का?" शालन म्हणाली, "थोडं येतं." सुभेदार म्हणाले, "मग झालं."

लग्न वाईला, मुलाकडं करायचं ठरलं. आणि शालननं हट्ट धरला की ती जाईल तर आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, जीपमधूनच.

काकूंनी कपाळाला हात लावला. पण पोरीचा शेवटचा हट्ट म्हणून कबूल झाल्या, आणि त्यातही त्यांनी बेत केला. लग्नाच्या आदल्या दिवशी निघायचं, साताऱ्याला त्यांच्या भावाकडं मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला टप्पा. मुहूर्त दुपारचा होता. बाकीचं वऱ्हाड, माझ्या नवऱ्यासकट, एस.टी.नं परस्पर वाईला जाणार होतं. जीपमध्ये मालक, काकू, शालन, मी, बाभळीच्या ढलप्यांची पोती आणि रुखवताच्या टोपल्या.

साताऱ्यापर्यंत जीप अशी चालली की काकूसुद्धा खूश झाल्या. कराडला चहाला थांबलो तेव्हा मालकांनी इंजिन बंद केलं नाही. ते स्वतः खाली उतरले नाहीत, त्यांचा चहा जीपमध्येच नेऊन दिला. "ह्येला गार होऊ द्यायचं न्हाई," ते म्हणाले. पण साताऱ्यात रात्रभर चालू कसं ठेवणार? भावजयीनं जेवायला वाढलं, इंजिन बंद झालं, आणि डांबरानं मुक्काम ठोकला.

सकाळी हँडल जागचं हललं नाही. मालकांनी लावलं, काकूंच्या भावानं लावलं, दोघांनी मिळून लावलं. मी काकूंच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी पिवळी साडी नेसलेल्या शालनला हाताला धरलं, भावाला पुढं घातलं आणि एस.टी. स्टँडकडं निघाल्या. जाताना शालन जीपपाशी थांबून म्हणाली, "आण्णा, वरचं उघडून रॉकेल सोडा. सुटतील व्हॉल्व्ह. मी हुते पुढं." जणू ती लग्नाला नाही, बाजाराला चालली होती.

काकू मागं वळल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमी ह्यांच्याजवळ थांबा. न्हाईतर हे लगीन इसरतील."

भावजयीच्या स्टोव्हमधलं रॉकेल काढून मालकांनी व्हॉल्व्ह सोडवले. हँडल फिरलं. पण गॅस गाळायच्या डब्यातला भुसा डांबरानं दगड झाला होता आणि नवा भुसा सांगलीला राहिला होता. समोरच एक इस्त्रीवाला बसत असे. मी म्हटलं, "काका, त्याच्याकडचा कोळसा घालू या. आजच्या दिवस."

"आज पोरीचं लगीन हाय," ते म्हणाले. "आज तरी मला खोटं वागाय लावू नका."

मग त्यांची नजर टोपल्यांकडं गेली. बसमध्ये जागा नव्हती म्हणून रुखवत आमच्याबरोबर राहिलं होतं.

"बाई, त्यात काय हाय?"

"रुखवत आहे."

"रुखवतात काय हाय?"

"काका, त्याला हात लावायचा नाही."

त्यांनी फडकं बाजूला केलं. आत पांढऱ्याशुभ्र कुरड्यांची चळत होती. मालकांनी एक कुरडई उचलून उन्हाकडं धरली आणि डोळा बारीक करून आरपार बघितलं.

"जाळी बघा की. किती वळनं हायत ह्यात. डांबर आत शिरलं तर वाट गावायची न्हाई त्याला."

"काकूंनी आणि मी उन्हात बसून घातल्या आहेत त्या."

"म्हनूनच म्हनतोय. हाताला लय सफाई हाय तुमच्या."

मी काय करणार? वेळ जात होता. कुरड्या डब्यात रचल्या. मालकांनी झाकण लावलं, इंजिन सुरू झालं आणि आम्ही साताऱ्याबाहेर पडलो. काही मैल जीप अशी सुंदर चालली की मालक गुणगुणायला लागले. पाचवडच्या अलीकडं तिनं आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डबा उघडला. गॅसाबरोबर पाण्याची वाफ येते हे मालकांना माहीत होतं, पण कुरडईला ते माहीत नव्हतं. आत खीर झाली होती. काळी खीर.

मालकांनी ती रस्त्यावर उपसून काढली. डबा रिकामा करून ठेवला आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसले. त्या दिवशी लग्नाची तिथ होती. रस्त्यापलीकडच्या वाडीत कुठंतरी वाजंत्री वाजत होती, सनईचा सूर वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होता. मालक मान खाली घालून ते ऐकत बसले. मी कोळशाचं नाव काढलं नाही. माणसाला किती वेळा एकच गोष्ट सांगायची?

"मुहूर्ताला येळ किती हाय?" त्यांनी विचारलं.

"आत्ता निघालो तर पोचू."

ते उठले. टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. "त्या वाडीत लोहार असंल," ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता चालायला लागले. परत आले तेव्हा डोक्यावर कोळशाची पाटी होती. पांढऱ्या सदऱ्यावरून काळी भुकटी ओघळत होती. ड्रममधलं लाकूड जळून खाली गेलं होतं. त्यावर त्यांनी कोळसा ओतला. तेवढ्यानं वाईपर्यंत पुरणार नाही म्हणून वर उरलेली बाभळ भरली. गाळायला तर आता काहीच नव्हतं. जीप निघाली.

मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरलेला होता आणि मंगलाष्टकं चालू होती. मला नवऱ्यानं नंतर सांगितलं की ती बराच वेळ चालू होती. काकूंनी भटजींना विनवलं होतं, आणि वाईच्या भटजींकडं मंगलाष्टकांचा तोटा नसतो. आम्हाला फाटकात बघितल्याबरोबर त्यांनी "शुभमंगल सावधान" म्हणून सुटका करून घेतली. अक्षता पडल्या. पुढं कन्यादानाची वेळ आली आणि मालकांचे हात कोपरापर्यंत काळे. काकूंनी हळदीचं उरलेलं तेल आणि बेसन आणून भर मांडवात त्यांचे हात चोळून काढले. तळवे निघाले, बोटं निघाली नाहीत. शालननं आपला हात त्या काळ्या बोटांत दिला आणि तीच बोटं तिनं घट्ट धरून ठेवली.

पंगतीत सुभेदार व्याही मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मंडळी, आमचे व्याही सांगलीहून लाकडावर आले बरं का."

सगळे वळून बघायला लागले. मालकांनी हातातली जिलबी खाली ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले. "शेवटाला कोळसा घातला. हारलो मी."

काकूंनी पानावरून नजर वर केली नाही. सुभेदारांनी फौजेत गाड्या हाकल्या होत्या. त्यांनी जरा विचार करून विचारलं, "किती घातला?"

"पाटीभर."

"पाटीभर कोळशावर पाचवडपासून वाई?"

"वरनं बाभळ हुती की," मालक म्हणाले आणि तिथंच थांबले. मग ते पानावरून उठले.

"आवं, पंगत उठायची हाय अजून," काकू म्हणाल्या. पण मालक उष्ट्या हातानं जीपकडं निघाले होते. लग्नातली माझी नेमणूक अजून संपली नव्हती, म्हणून मीही उठले.

इंजिन थंडगार झालं होतं. मालकांनी इंजिनापाशी नळी सोडवली आणि आत बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली, कोरडी, चुटकीनं उडून जाणारी. चिकटा नव्हता. त्यांनी हँडल लावलं आणि एका हातानं फिरवलं. ते फिरलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा फिरलं.

"बाई," ते मातीतच बसत म्हणाले, "डांबर बाभळीत हुतंच की. गेलं कुठं मग? नळी ड्रमच्या तळातनं निघतीय, खालच्या लाल कोळशातनं येताना जळून गेलं. त्याचाच गॅस झाला. चाळन लागलीच न्हाई." मग त्यांनी काजळीचं बोट सदऱ्याला पुसलं. "आन् त्योच कोळसा मी रोज सांजच्याला झाडून काढत हुतो. सफाई म्हनून."

मग त्यांनी मला ड्रमचा आतला आकार मातीत काढून दाखवला. खाली तो उपड्या माठासारखा निमुळता होत जातो, त्या जागेला ते गळा म्हणत. "हितं निखारा दाट ऱ्हायला पायजे. पसरला की डांबर कडंनं निसटतंय."

तेवढ्यात पाठवणीची हाक आली. मांडवाच्या दाराशी बायका रडत होत्या, काकू रडत होत्या, मीही रडायला लागले. शालन एकेकाच्या पाया पडत मालकांपर्यंत आली आणि वाकली. मालकांनी तिला खांद्याला धरून उठवलं. त्यांचेही डोळे भरले होते, पण सांगायचं होतं ते राहवत नव्हतं.

"शालन, डांबर आत जळतंय गं. निखाऱ्यात. पन निखारा पसरला की कडंनं निसटनार."

शालननं पदरानं डोळे पुसले. हुंदका आवरला. नवऱ्याकडची माणसं चहूबाजूंनी उभी होती.

"मग गळा आवळा, आण्णा," ती म्हणाली. "चांगला आवळून टाका."

तिच्या सासूबाईंच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली पडलं. "ड्रमचा हो," काकू रडता रडता सांगत होत्या, "ड्रमचा गळा, व्हीनबाई." सासूबाईंची समजूत पटायला बरेच दिवस लागले असं शालन पुढं सांगायची.

सांगलीला आल्यावर मालकांनी बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव आणली, तोडून तिचं लहान कडं केलं आणि ड्रमच्या गळ्यात बसवलं. तळाचा कोळसा झाडणं बंद झालं. जीप सकाळी उठायला लागली. पाठोपाठ तासगावजवळच्या त्यांच्या भावाच्या पिठाच्या गिरणीला तसाच एक ड्रम बसला, आणि डिझेल मिळत नव्हतं त्या साऱ्या उन्हाळ्यात ती गिरणी बाभळीवर चालली. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर ज्वारी घेऊन तिथं यायच्या. इंजिनातून काय जळतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, पीठ बारीक येतंय ना, एवढंच बघून जायच्या.

मग कराडहून, साताऱ्याहून, पुण्याहूनसुद्धा माणसं बघायला यायला लागली. ड्रमभोवती फिरायची, मापं विचारायची. एकदा कुणीतरी अदबीनं म्हणालं, "मास्तर, एवढ्या वर्षांत हे आधी कसं सुचलं नाही?"

"मला सुचलंच न्हाई," मालक म्हणाले. "पोरीला सुचलं, ते लग्नाच्या दिवशी. स्थळं बघण्यात आमी उगाच वर्सं घालवली. आधीच लगीन करून टाकलं असतं, तर डांबर कवाच निघालं असतं."